शशीने बसवलेला थर्मोस्टॅट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि शशीला — शशीला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असाल तर चांगला मेकॅनिक म्हणून ओळखत असाल, आणि तेच मला सलतं.

वागळे इस्टेटमध्ये शशीचं आणि माझं भागीदारीत गॅरेज होतं. पाटीवर माझं नाव आधी. पण आत येणारा प्रत्येक जण विचारायचा, शशी आहे का? डोंबिवलीचे देवधरकाका तर माझ्या तोंडावर सांगायचे, इंजिनाला हात फक्त शशीने लावायचा. असं हसत हसत तुम्हाला कधी कुणी बाजूला सारलंय?

काकांची गाडी म्हणजे जुनी विलायती स्पोर्ट्स गाडी. दोन कार्ब्युरेटर, ताकद भरपूर आणि डोकं गरम. तीन हात नाक्यावर अडकली की काटा लालकडे सरकायचा. शशीने रेडिएटर आतून साफ करून घेतला, बोअरचं पाणी बंद करून कूलंट भरला आणि नवा थर्मोस्टॅट बसवला.

तिथे आमचं वाजलं. हा थर्मोस्टॅट म्हणजे एक झडप — इंजिन थंड असेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवते, तापलं की उघडते. आमच्या धंद्यात गाडी तापली की तो आधी काढून फेकतात. आपल्याकडच्या उन्हात हवाय कशाला? मीही तेच शिकलेलो. शशीने काकांच्या देखत मला समजावलं, "अरे, ह्या इंजिनात तो काढलास ना, तर गरम पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आतच फिरत राहणार." बरोबर होतं त्याचं. पण काका हसले — आणि ते हसणं माझ्या डोक्यात गेलं.

दसऱ्याच्या आधी शशी गावी गेला. मी थर्मोस्टॅट काढला. हो, मीच. गाडी थंड राहिली की सगळ्यांसमोर त्याला दाखवणार होतो. सकाळी मोकळ्या रस्त्यावर फिरवून आणली, काटा हललाही नाही. किती खूश झालो होतो मी!

दसऱ्याला झेंडूचा हार घातलेली गाडी घेऊन काका आमच्या गॅरेजमधूनच परस्पर भिवंडीमार्गे बहिणीकडे कल्याणला निघाले. दुर्गाडी पुलाच्या अलीकडे गाड्यांची रांग लागलेली. काटा वर चढला तरी ते थांबले नाहीत. का थांबतील? शशीने केलेलं काम होतं ना! इंजिनाचं हेड तडकलं.

गाडी टोइंगने आमच्याकडे आली. शशी पोचायच्या आत मी थर्मोस्टॅट होता तिथे पुन्हा बसवला. शशीने सगळं खोलून पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. काही सापडेना. शेवटी काकांना म्हणाला, "माझ्याच हातून काहीतरी राहिलं, काका." काका पाठ फिरवून रिक्षा शोधायला निघून गेले. मी बाजूला फडक्याने हात पुसत उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. बोललो का? उलट संध्याकाळी चहा पाजून त्याची समजूत काढली.

त्या गाडीचं दुसरं हेड कुठेच मिळालं नाही. गाडी काकांच्या सोसायटीत कव्हरखाली पडून आहे. शशीने इंजिनाचं काम सोडलं, भागीदारीही सोडली. आता विठ्ठलवाडीला शाळेची व्हॅन चालवतो. काकांसारखी गिऱ्हाइकं माझ्याकडे आली. नव्या माणसांना मी शिकवतो, थर्मोस्टॅट कधी काढायचा नाही. शशीचेच शब्द वापरतो, त्याचं नाव घेत नाही.

मागच्या उन्हाळ्यात तो व्हॅन घेऊन आला. तापत होती. म्हणाला, "थर्मोस्टॅट काढून टाक रे. तेव्हा तुझंच खरं होतं, मीच उगाच अडून बसलेलो."

मी झाकण उघडलं. जुना थर्मोस्टॅट अडकला होता. त्या जागी नवा बसवला, आणि काढून टाकला म्हणून सांगितलं.

व्हॅन आता तापत नाही. मी थर्मोस्टॅट काढला म्हणून तापत नाही, असं शशी भेटेल त्याला सांगतो.