स्टुलावरचा पाहुणा

"हा आमचा इलेक्ट्रिशियन," सुहास त्याच्या साहेबांना म्हणाला.

मी तेव्हा स्टुलावर. अंगात नवा कुर्ता, हातात टेस्टर, डोकं फॉल्स सीलिंगच्या भोकात. खाली बायको स्टूल धरून उभी. तिच्या दुसऱ्या हातात ओटीची पिशवी. सुहासच्या बायकोसाठी आणलेली.

सुहास आणि मी डोंबिवलीच्या शाळेत दहा वर्षं एका बाकावर. त्याच्या डब्यातली भेंडी मी खाल्ली, त्याच्या वाटणीच्या छड्याही मीच. आता तो घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर, मी वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. त्याच्या वास्तुशांतीला आम्ही जोडीने गेलेलो. टूलबॅग आणायला कोणी सांगितलं नव्हतं. ती माझीच अक्कल. नवं घर, काहीतरी अडेलच, मित्राच्या उपयोगी पडू. बॅग बघून वॉचमनने आम्हाला सामानाच्या लिफ्टने वर पाठवलं. मी बायकोला म्हटलं, "बघ, गर्दीच नाही!"

वर हॉलमधले दिवे सारखे जात होते. झालं, चढलो.

साहेबांनी नंबर मागितला. मी स्टुलावरूनच दिला. वर "कधीही बोलवा सर" म्हणालो. शाबास.

पंगत बसली तसा सुहास कानाशी आला. "तुम्ही दोघं आत किचनमध्येच घ्या ना रे. तू काय, घरचाच."

घरचा माणूस वॉशिंग मशीनवर ताट ठेवून जेवला. जिलेबी दोनदा मागून घेतली. राग आला नाही. काहीच आलं नाही. दात काढताना गाल बधिर होतो ना, तसं सगळं अंग.

खाली उतरल्यावर बायको म्हणाली, "अहो, ओटी राहिली." पिशवी तिच्याच हातात. मी तिच्या कपाळाकडे बघितलं. वास्तुशांतीला आलेल्या बाईला कोणी हळदीकुंकूसुद्धा लावलं नव्हतं.

परवा सुहासचा फोन. "रविवारी ये रे. झुंबर लावायचंय."

"नाही येणार."

"बिझी आहेस?"

"मोकळा आहे."

"अरे, पैसे देतो ना!"

"इलेक्ट्रिशियन तुला वॉचमन देईल. मी तुझ्या बाकावरचा. साहेबांसमोर तसं सांगशील, तेव्हा बोलाव. आम्ही जोडीने येऊ. पाहुण्यांच्या लिफ्टने."

मी फोन ठेवला.

तो बोलावणार नाही, मला माहीत आहे. टूलबॅग आता कारखान्यातच असते. यापुढे मित्राच्या घरी जाईन तो रिकाम्या हातांनी. चालत नसेल, तर जाणार नाही.