चुकलेली पाळी आणि मोजणाऱ्या बायका

मी एकोणीस वर्षांची होते आणि चार महिने माझी पाळी आली नव्हती. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, पण सुरतेत, उधन्यातल्या आमच्या सगळ्या इमारतीला ते ठाऊक होतं. आमच्याकडे पाळीत बाजूला बसायची पद्धत होती. माझं वेगळं अंथरूण गॅलरीत वाळताना दिसलं नाही, की बायकांची बोटं मोजायला लागत. स्वतःच्या मुलांची इयत्ता सांगताना चुकणाऱ्या या बायकांना माझी तारीख मात्र पाठ होती.

खालच्या काकू पपई घेऊन आल्या. "पोरीला द्या, उष्ण असते," असं आईला म्हणाल्या आणि माझ्या पोटाकडे बघत राहिल्या. आईने पपई कापली आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिली. मग म्हणाली, "कॉलेजात कोणी आहे का?"

"कोणी नाही."

"खरं सांग."

खरं तेच सांगितलं होतं. धुळ्याहून आलेल्या आत्याने तर निकालच देऊन टाकला, "वहिनी, हिचं लग्न उरकून टाका. सगळं आपोआप सुरळीत होतं." आत्याचं स्वतःचं लग्न उरकून वीस वर्षं झाली होती. तिचा नवरा महिना महिना घरी फिरकत नसे. वडील बँकेत अधिकारी, शंभर माणसांशी बोलणारे. हा विषय निघाला की पायांत चपला सरकवून खाली जायचे.

त्या दिवसांत मला सारखी झोप यायची. केस मुठीने गळायचे. सुरतेच्या मे महिन्यात मी पंखा बंद करा म्हणायचे. घरात याला आळस आणि नखरे म्हणत.

शेवटी आई मला डॉक्टरणीकडे घेऊन गेली, पण कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून तापीपलीकडे, थेट रांदेरला. रिक्षात तिने स्वतःचं मंगळसूत्र काढून माझ्या गळ्यात घातलं. "बाहेर बायका बसलेल्या असतात," म्हणाली. मला ते कुत्र्याच्या पट्ट्यासारखं वाटलं.

डॉक्टर गुजराती होत्या, हिंदीत बोलल्या. माझा गळा तपासायला त्यांनी मंगळसूत्र बाजूला केलं. "लग्न कधी झालं?"

"नाही झालं. हे आईचं आहे."

त्यांनी आईला बाहेर बसायला सांगितलं आणि मला सरळ विचारलं, "कुणाशी संबंध आला होता?"

"नाही."

"बरं. तरी लघवीची तपासणी करू. पाळी चुकली की ती सगळ्यांचीच करतात. रक्तही तपासू."

मग झोप, थंडी, केस, वजन, सगळं विचारलं. चार महिन्यांत पोटाखेरीज माझ्याबद्दल चौकशी करणारी ती पहिली बाई. रक्तात थायरॉइड कमी निघालं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. तिसऱ्या महिन्यात पाळी आली, पुढे हळूहळू नियमित झाली.

आईने काकूंना आजाराचं नाव सांगितलं. "हल्ली असं काहीतरी नाव देतात," त्या म्हणाल्या.

आईने माझी माफी कधी मागितली नाही. सकाळी गोळी आणि पाण्याचा पेला मात्र न चुकता उशाशी ठेवायची. मला ते तेव्हा पुरेसं वाटलं नाही, आजही वाटत नाही.