भट्टीचा ताबा

काचेच्या कारखान्यात त्यांना सगळे ‘कपाटवाल्या बाई’ म्हणत. भट्टीचं तापमान सांभाळणारा जुना मिनिकॉम्प्युटर होताच लोखंडी कपाटाएवढा, आणि बाईंची सगळी नोकरी त्याच्याच खोलीत गेली. कुठला दिवा लुकलुकायचा थांबला म्हणजे त्याचं कुठे दुखतंय, हे त्यांना बरोबर कळे.

आता तिथे साधा पीसी येणार होता, आणि तो बसवायला आली त्यांचीच लेक!

“आई, तुझं कपाट दिवसभर जी आकडेमोड करतं ना, ती हा पापणी लवायच्या आत उरकतो.”

“उरकू दे. भट्टीला कुठे गाडी गाठायचीय?”

सध्या पीसी नुसता आकडे बघत होता. गॅसची झडप अजून कपाटाच्याच ताब्यात होती.

एका दुपारी कपाटाचे सगळे दिवे एकदम गोठले. झडप उघडीच राहिली, पीसीवर तापमानाचा आकडा चढू लागला. फोनवर भट्टीवाला ओरडला, “बाई, भट्टीचं छत तापून पांढरं पडायला लागलंय, कोसळेल! हाताने झडप फिरवायला गेलो, तर मोटरने चाक धरून ठेवलंय!”

बाईंनी कपाट उघडून एक कार्ड उपसलं, पुसून पुन्हा बसवलं. दिवे लागले, पण आतला प्रोग्रॅम पुसला गेला होता.

“छिद्रांच्या पट्टीवरून प्रोग्रॅम पुन्हा भरते.”

“किती वेळ?”

बाई पट्टीचं रीळ काढू लागल्या. कागदी पट्टी गोगलगाईसारखी सरकते, हे लेकीलाही ठाऊक होतं.

“आई, झडपेच्या तारा दे इकडे.”

“आणि तुझं खेळणं ऐनवेळी अडलं तर?”

“तर दोघी मिळून बोलणी खाऊ. आधी दे!”

बाईंच्या डोळ्यांसमोर भट्टीभोवती राबणारी माणसं आली. त्यांनी पेचकस उचलला, नेमक्या दोन तारा सोडवल्या आणि लेकीच्या हातात दिल्या. लेकीने त्या जोडल्या.

आकडा चढतच होता. मग तो अडला. जरासा खाली आला.

“झडप हलली!” फोनमधून आवाज आला.

बाईंनी पीसीचा डबा फिरवून फिरवून पाहिला. “हा बिघडला तर उघडून कुठे बघायचं?”

“बघायचं नाही, दुसरा आणायचा.”

बाईंना ते मुळीच पटलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची नव्या पडद्यासमोर ओढली. “चल, शिकव. पण उगाच डोक्यावर मिरे वाटू नकोस.”