गुलाबी बगळा

“रत्ना, ये लोग किसी की मय्यत से आ रहे हैं क्या?”

केशोरीच्या तलावाच्या पाळीवर, भर सकाळी, क्लायंटनं मला हे विचारलं. हळू आवाजात विचारलं, एवढीच काय ती सभ्यता. समोर आमच्या आठ बायका उभ्या होत्या. पांढऱ्याशुभ्र साड्या, निळे काठ, अंबाड्यात मोगरा. इस्त्री अशी कडक, की निरीवरून बोट फिरवलं तर कापलं जाईल.

“मय्यत नाही मॅडम, सण,” मी म्हणाले. “तुम्हीच फेस्टिव्ह मागितलं होतं.”

आमच्या बौद्ध घरांमध्ये सणाला पांढरं नेसतात. बुद्धपौर्णिमा असो, चौदा एप्रिल असो, विहारात जायचं तर पांढरी साडी. पेटीत सगळ्यात वर तीच असते आणि तिला पोरांचे हात लावू देत नाहीत. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मुंबईच्या रिया मॅडमना ठाऊक नव्हतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढची आहे.

मी तेव्हा अर्जुनी मोरगावातून फॅशन ब्लॉग चालवत होते. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची आपल्या मालकीची भिंत, वाटेल ते रंगवा. नेटचा वेग असा, की फोटो अपलोडला लावायचा, भात रांधायचा, जेवायचं, एक झोप काढायची, आणि उठून बघावं तर फोटोतली बाई नुसती कपाळापर्यंत उतरलेली. वाचक किती, असं रिया मॅडमनी पहिल्या फोनवर विचारलं, तेव्हा मी ठोकून दिलं, “सगळे रुळावर उभे केले तर गोंदियाला गाडी थांबवावी लागेल.” हे खोटं नव्हतं. गाडी थांबवायला एक माणूसही पुरतो.

पण मॉडेल माझ्याकडे अस्सल होत्या. आमचा एक कट्टाच होता. ब्लाउज शिवणाऱ्या, पार्लरवाल्या, बांगड्या भरणाऱ्या, कॉलेजच्या पोरी. कुणाच्या तरी अंगणात जमायचं आणि कुणाच्या लग्नात कोण काय नेसलं यावर कोर्ट भरवायचं. जज्ज आमच्या प्रमिलाकाकू. केशोरीत त्यांचं शिलाई मशीन. काकूंनी नाक मुरडलं, की ती फॅशन आमगावला पोचायच्या आत वाटेतच मरायची.

रिया मॅडमची कंपनी खोट्या दागिन्यांची. ब्रीफ, म्हणजे क्लायंटला काय हवं ते सांगणारा मेल, असा आला: गावातल्या बायका, सणाला जसं नेसतात अगदी तसंच, वर आमचे झुमके आणि हार. फोटो छापील कॅटलॉगमध्ये जाणार. आणि हे कॅटलॉग गोंदियाच्या कापड दुकानांतही काउंटरवर ठेवलेलं असायचं.

हे ऐकून काकू मशीनवरून उठल्याच.

“त्या शेठच्या दुकानातबी राहते का वो?”

“राहते ना काकू.”

“मंग आपन पांढरंच नेसाचं. सगळ्याजनी.”

त्याला कारण होतं. गोंदियाच्या त्या मोठ्या दुकानात काकू दरवर्षी पांढरी साडी घ्यायला जायच्या. शेठ दरवर्षी आवाज खाली आणायचा, चेहरा पाडायचा आणि विचारायचा, “कौन गया अम्मा?” मग काउंटरच्या खालून, चपलांच्या उंचीवरून, एक गठ्ठा निघायचा. सणाची साडी घ्यायला जावं आणि सांत्वन घेऊन यावं! काकूंना एवढंच हवं होतं, की त्या शेठनं एकदा आपल्याच काउंटरवर पांढऱ्या साडीतल्या हसऱ्या बाया बघाव्यात.

आणि आता पाळीवर रिया मॅडम म्हणत होत्या, “व्हाइट नहीं चलेगा. सॅड लगता है.”

“मॅडम, तुमची अख्खी वेबसाइट पांढऱ्या बॅकग्राउंडवर आहे. दागिना पांढऱ्यावरच उठतो.”

“वो अलग है.”

एवढं बोलून त्या गाडीकडे वळल्या. गाडीतून एक बॅग काढली. आत आरशांचे घागरे. एवढे आरसे, की उन्हात ठेवले असते तर तलाव उकळला असता.

“हे कोठचे होत?” काकूंनी विचारलं.

“एथनिक हैं, आंटी.”

“गाव सांगा ना बाई. एथनिक कोन्या तालुक्यात येते?”

काकूंची सून अश्विनी हळूच घागऱ्यावरून हात फिरवत होती. मॅडमच्या डोळ्यांत आशा चमकली. काकूंनी तेही पाहिलं.

“तुले आवडला असल तं घाल वो. हौस म्हनून घाल. सन म्हनून नोको घालू.”

अश्विनीनं हात मागे घेतला. सासूला आमच्याकडे मामीजी म्हणतात. “हौस कोनाच्या लग्नात करीन, मामीजी. आज सनच हाये.”

मॅडमनी मला बाजूला घेतलं. आता शूट कॅन्सल होणार, या हिशेबानं मी भांडणाची पूर्ण तयारी केली होती. पण त्या एकदम गोड झाल्या. “ठीक है, शूट कर लेते हैं. बाद में देखते हैं.” क्लायंट एकदम गोड झाला, की जीभ नाही, दात मोजायचे असतात. पण बायका खूश होत्या, ऊन छान होतं, मी कॅमेरा उचलला.

फोटो असे आले, की काय सांगू! मागे धानाचं हिरवं बांधाबांधानं पसरलेलं, आठही जणी एकमेकींना कोपरखळ्या मारत हसतायत, कानात झुमके, आणि उजव्या कोपऱ्यात एका पायावर उभा असलेला बगळा. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तोही पांढरं घालून आला होता.

मी लहान साइजच्या कॉपी पाठवल्या. आमच्या धंद्यात आधी लहान फाइल देतात, क्लायंटनं पसंत केलं की मोठी. छापायला मोठीच लागते.

आठवड्याभरानं कॅटलॉगचं पान मेलवर आलं. मी उघडलं आणि माझ्या हातातला चहा माझ्याआधी थंड पडला. साड्या गुलाबी! साध्यासुध्या नाहीत, लग्नातल्या बर्फाच्या गोळ्यासारख्या गुलाबी. कॉम्प्युटरला ‘पांढरं दिसेल ते गुलाबी कर’ असं सांगितलं, की ते बिचारं ऐकतं. त्यानं मोगरा गुलाबी केला. अश्विनीचे दात गुलाबी केले. आणि बगळा! तो कोपऱ्यात एका पायावर, नखशिखान्त गुलाबी, जणू कुणाच्या वरातीतून पळून आलेला.

मी फोन लावला.

“मॅडम, साड्या का रंगवल्या?”

“पॉप होना चाहिए ना, रत्ना. अब खुश लग रही हैं.”

“त्या आधीही खुशच होत्या! दात दिसतायत की सगळ्यांचे!”

“यार, इतना इमोशनल मत हो. कौन देखता है? बडी फाइल भेजो, प्रिंट रुका है.”

कौन देखता है! माझ्या अंगात अशी आग पेटली, की त्या दिवशी चुलीची गरज नव्हती. हातात आलेलं पहिलं मोठं काम. हे गेलं, तर मुंबईची दुसरी कंपनी अर्जुनीचा पत्ता शोधत येणार नव्हती, हे मला कळत होतं. पण फोटो काकूंचा होता. मी बस पकडली आणि केशोरी गाठली.

काकूंनी मोबाइल हातात घेतला. मशीन थांबलं. मग त्यांनी बगळ्यावर बोट ठेवलं.

“आमचं जाऊ दे. आमी सवयीचे आहो. पन ह्याले कायले रंगवलं? ह्याच्या घरी कोन मेला होता?”

अश्विनी हसत सुटली. मीही. काकू मात्र हसल्या नाहीत.

“मोठा फोटो देऊ नोको तिले. तुह्या त्या भिंतीवर टाक. दोनी टाक. वर आमी, खाली बगळा.”

मी तसंच केलं. वर खरा फोटो, खाली गुलाबी, आणि मधे काकूंचा प्रश्न जशाच्या तसा. कंपनीचं नाव लिहिलं नाही. मोठी फाइल पाठवली नाही. रिया मॅडमनी ‘अनप्रोफेशनल’ असं एका शब्दाचं उत्तर पाठवलं आणि काम मुंबईच्या मॉडेल्सना दिलं. त्या कॅटलॉगमध्ये घागरेच घागरे होते.

पण बगळा उडाला. व्हॉट्सॲपवरून असा उडाला, की मूळचा बगळासुद्धा एवढा उडत नसेल. विहारांच्या ग्रुपवर गेला, पार्लरांत गेला, देवरीच्या एका बाईनं मला माझाच फोटो पाठवून विचारलं, “पाहिला का?” बुद्धपौर्णिमेच्या आधी केशोरीच्या बस स्टँडवर फ्लेक्स लागला; त्याला मोठी फाइल मी दिली. आठ बायका, पांढऱ्या साड्या, आणि कोपऱ्यात बगळा. पांढरा.

त्याच आठवड्यात काकू मला घेऊन गोंदियाला गेल्या. दुकानाच्या काचेत पुतळ्याला पांढरी साडी नेसवलेली, निळ्या काठाची. बगळ्याचा विषय शेठनं काढला नाही. त्याच्याही मोबाइलवर तो येऊन गेला असणार. आवाज खाली आणला नाही, चेहरा पाडला नाही.

“आओ अम्मा. त्योहार का दिखाऊं?”

काकूंनी दुकानातली एकूण एक पांढरी साडी उघडायला लावली. काउंटरवर बर्फ पडल्यासारखं झालं. मग उठल्या आणि म्हणाल्या, “निरी बराबर बसत नाही हिची. उद्या येतो.”

ब्लॉग मी नंतर बरीच वर्षं चालवला. या धंद्यात नव्यानं येणाऱ्या पोरींना मी दोनच गोष्टी सांगते. पैसे बुडाले तरी चालतील, मोठी फाइल आधी द्यायची नाही. आणि फ्रेममध्ये एक बगळा असू द्यायचा. बाईची साक्ष कुणी धरत नाही, बगळ्याची धरतात.