तुकड्या न करणारे आबा

औंढ्यातले आमचे एक आबा एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी फौजेत हवालदार होते. चहा उभ्यानेच पितात, बोलतात फार कमी.

गेल्या हिवाळ्यात डोंगरात एक पर्यटक हरवला. तो पुढे सुखरूप सापडला. त्याला शोधायला गाव जमलं तेव्हा मी म्हणालो, "आबा, माणसांच्या तुकड्या तुम्हीच करा."

"त्ये काम मला सांगू नगंस," म्हणत ते एकटेच चढू लागले. मी मागे गेलो. वाटेत त्यांनी सांगितलं.

बांगलादेशानं स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, पण त्याची फौज अजून उभी राहायची होती. सीमेवरच्या छावणीत आबा तिथल्या तरुणांना शिकवत. कोण पलटणीत जाणार आणि कोण गनिमी टोळीत, हे तेच ठरवत. दोघे भाऊ हात धरून आले. शिकलेल्या थोरल्याला त्यांनी पलटणीत घेतलं, धाकट्याला टोळीबरोबर नदीपार धाडलं. तो परतला नाही.

"थोरला रोज इचारायचा, भाऊ कुटं हाय? म्या सांगायचो, दुसऱ्या टोळीत हाय."

"त्याला खरं कधी कळलं?"

आबा थांबले. "त्याला पयल्या दिसापासनं ठावं हुतं. तरी रोज इचारायला यायचा."