काजळकाका आणि वाळुंजाची पानं

काजळकाकांच्या नाकात कोळसा होता, कानात कोळसा होता आणि काकूंचं खरं मानायचं तर डोक्यातही दुसरं काही नव्हतं. बंद पडलेल्या कारखान्यामागच्या जागेत ते लोखंडी पिंपात सुताराकडच्या ढलप्या भरायचे, झाकण घट्ट बसवायचे आणि हवा कोंडून त्यांचा कोळसा करायचे. तोही जाळायला नव्हे, मातीत कालवायला! पाहुण्यांना हे सांगताना काकूंचा चेहरा, नवरा सर्कशीत आहे हे कबूल करणाऱ्या बाईसारखा व्हायचा.

मुळात ती जागा नासवली होती काकांनीच. कारखान्यात लोखंडाला मुलामा देत. काका त्या खात्यात सव्वीस वर्षं होते आणि टाक्यांच्या तळाचा हिरवट गाळ मागच्या दाराने ओतायचं काम त्यांच्याकडे होतं. जस्त, कॅडमियम, काय वाटेल ते. ओतायचं, हात धुवायचे आणि चहा प्यायचा. कारखाना बंद पडला तेव्हा तिथे गवतसुद्धा उगवायला कां कूं करत होतं.

मग माती तपासणाऱ्या बाई आल्या. म्हणाल्या, "कोळसा विष धरून ठेवेल, विहिरींकडे उतरू देणार नाही. आणि वाळुंजाची झाडं भराभर वाढतात. जे सुटं राहील ते मुळांनी वर ओढतील. झाडं छाटून लांब नेली की तेवढं विष गेलं." देखभालीला माणूस हवा होता. काकांनी हात वर केला. आयुष्यात याआधी त्यांनी कशासाठी हात वर केल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

तीन वर्षांत झाडं काकांच्या दुप्पट उंच झाली. काका रोज खोडावर थाप मारून विचारायचे, "काय गं, पोटभर खाल्लंस ना?"

"मला विचारलंत कधी असं?" डबा घेऊन आलेल्या काकू म्हणायच्या.

"तू कुठे जस्त खातेस?"

पण तिसऱ्या वर्षीच्या तपासणीत आकडे उतरले नाहीत तर झाडं तोडून तिथे सिमेंट ओतायचं आणि ट्रक उभे करायचे, असं नगरपालिकेने ठरवलं होतं. बाई माती घेऊन गेल्या तेव्हापासून काकांचं जेवण निम्म्यावर आलं. काकूंनी टोमणे मारणं थांबवलं, तेव्हा तर ते फारच घाबरले.

आठवड्याने बाई कागद घेऊन आल्या. "काका, आकडे जिथल्या तिथे आहेत. वरच्या थरात तर वाढलेत."

"झाडं कामचुकार निघाली?"

"ती तर मजेत दिसतायत. तुम्ही मातीत आणखी काही घालता का?"

"छे! कोळसा घालतो. आणि पाल्याचं खत." काकांची छाती फुगली. "एक पान वाया जाऊ दिलेलं नाही. या, दाखवतो."

त्यांनी खड्डा दाखवला. काळंभोर, भुसभुशीत खत. बाई बघतच राहिल्या.

"कुठल्या झाडांचा पाला हा?"

"यांचाच की."

"काका, झाडं विष वर ओढतात, ते कुठे नेतात?"

काकांनी वर पाहिलं. वर पानं होती. एक पान सावकाश खाली आलं आणि खड्ड्यात पडलं.

"म्हणजे," काकू म्हणाल्या, "पोरींनी जेवून उचललेलं ताट हे दरवर्षी पुन्हा त्यांच्यापुढे वाढत होते."

काकांनी वाकून ते पान खड्ड्यातून उचललं. आधी सव्वीस वर्षं बेफिकिरीने ओतलं आणि नंतर तीन वर्षं मायेने!

"मला अहवालात कारण लिहावं लागेल," बाई हळूच म्हणाल्या.

"लिहा. मी गाढव होतो असं लिहा. पण झाडांवर ठपका ठेवू नका."

बाईंनी पानं आणि खत तपासलं. दोन्हीत धातू ठासून भरले होते. म्हणजे झाडांनी काम चोख केलं होतं. अहवाल नगरपालिकेच्या सभेत मोठ्याने वाचला गेला. "देखभाल करणाऱ्याच्या अज्ञानामुळे" हे शब्द आले तसे काका मागच्या बाकावरून "मीच तो!" म्हणत उभे राहिले, जणू बक्षिसालाच पुकारलं होतं. सभागृह हसून हसून लोटपोट झालं. हसण्याच्या भरात आणखी दोन वर्षं मंजूर झाली. अट दोन कलमांची: सगळं खत उकरून न्यायचं आणि यापुढे एकही पान जमिनीवर राहू द्यायचं नाही.

आता पानगळ सुरू झाली की झाडांखाली काकूंनी जोडून शिवलेले जुने पडदे अंथरलेले असतात. पडद्यांवर गुलाबी फुलं आहेत आणि फुलांवर काका रांगत असतात. परवा वारा सुटला आणि एक पान कुंपणावरून थेट एका टेम्पोच्या टपावर जाऊन बसलं.

"ए, थांब! माझं पान घेऊन कुठे चाललास?" काका चौकापर्यंत धावले आणि पान घेऊनच धापा टाकत परतले.

"अहो, जरा हलू नका," काकू म्हणाल्या. "टकलावर एक आहे."

त्यावर काका मान ताठ ठेवून, एकेक पाऊल मोजत पानांच्या पोत्यापर्यंत चालत गेले.