क्लेम पास्कचा चौथा दगड

क्लेम पास्क गवंडी होता आणि त्याचा संतापही गवंड्याचाच होता. थरावर थर चढलेला, पक्का, ओळंब्यात सरळ.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला इंग्लंडहून पत्र आलं. आई जिवंत आहे, हल शहरात, ऐंशीची, अंथरुणाला खिळलेली. "तुझी आई मेली" असं सांगून ज्यांनी आठ वर्षांच्या पोराला बोटीत बसवून ऑस्ट्रेलियाला धाडलं, त्यांची जीभ झडली कशी नाही!

क्लेम तडक पर्थला पासपोर्ट काढायला गेला. खिडकीतली पोरगी म्हणाली, "तुम्ही या देशात आल्याचा कागद?"

"चाळीस वर्षं तुमची घरं बांधतोय, बाई. आलोच नसतो तर ती काय पोपटांनी बांधली?"

कागद होता तो वाढला त्या अनाथाश्रमात. बायकोला, थेल्माला, ट्रकमध्ये बसवून क्लेम तिथं पोचला. आश्रमाचे प्रमुख, ख्रिस्ती संन्यासी ब्रदर ऑस्टिन गोड हसले. "फायली आम्ही दाखवत नाही, क्लेम. जुनं उकरून काय मिळणार? इथं तुला छप्पर मिळालं, जेवण मिळालं..."

"छप्पर आम्हीच घातलं, ब्रदर! दहा-दहा वर्षांची पोरं, अनवाणी, चुन्यानं पाय भाजलेली!"

तो बाहेर आला. ट्रकमधून छिन्नी-हातोडा काढला आणि प्रार्थनाघराच्या भिंतीपाशी बसला.

"अरे, हे काय करतोस?" ब्रदर धावले.

"कुठला दगड आधी निघेल ते मला ठाऊक आहे. मीच बसवलाय. कागद येईपर्यंत काढत राहतो."

ट्रकमधून थेल्मा ओरडली, "क्लेम, कंबर सांभाळ रे! आणि ब्रदर, हा माणूस कामाला लागला की चहालासुद्धा थांबत नाही हं!"

तिसरा दगड पडला आणि फाईल बाहेर आली. बोटीचा कागद त्यात होता. खाली दोरीनं बांधलेला गठ्ठा होता. त्याच्या वाढदिवसांची पत्रं, आईच्या हातची, एकही न फोडलेली.

"मुलांची मनं विचलित होऊ नयेत म्हणून..." ब्रदर पुटपुटले. "तेव्हा तशीच रीत होती."

क्लेमनं एकही पत्र उघडलं नाही. गठ्ठा थेल्माच्या मांडीवर ठेवला. "ही आईसमोर फोडायची. तीच वाचून दाखवेल."

"मग चल की! बस गाडीत. आता पुन्हा कुठं निघालास?"

"तीन दगड कागदाचे झाले. हा पत्रांचा." क्लेमनं हातोडा उचलला आणि तो चौथ्या दगडाकडे गेला.